इंजिनं सात, रूळ सहा फूट: शंटिंगच्या मॉडेल इंजिनांचा नाद, नागपुरात बसून

माझ्याकडे इंजिनं सात आहेत आणि रुळांची फळी सहा फूट. घरी कोणी पाहुणा आला की तो फळीकडे बघतो, इंजिनं मोजतो आणि मग विचारतोच, "अन् चालवता कुठं?" त्या सहा फुटातच चालवतो भाऊ, आणि एकेक डाव पाऊण पाऊण तास चालतो. सातही इंजिनं शंटिंगची आहेत, त्यांना कुठे पोचायचंच नसतं. डबे ओढायचे, ढकलायचे, या लाइनीतून काढून त्या लाइनीत लावायचे, एवढंच काम.

लहानपणी अजनीच्या पुलावर सायकल टेकवून आम्ही गाड्या बघायचो. एक्सप्रेस अर्ध्या मिनिटात जायची, संपलं. पण यार्डात ते एकटं शंटिंगचं इंजिन चार डबे घेऊन पुढेमागे करत असायचं, शंटमन हिरवी-लाल झेंडी घेऊन बाजूने चालायचा आणि डबे एकमेकांना लागताना जो खण्ण आवाज यायचा तो ऐकायला आम्ही थांबायचो. मला मॉडेलमध्ये तेच पाहिजे होतं. पण सुरुवात मात्र मीही गोल ट्रॅक आणि लांब पॅसेंजर गाडीनेच केली, आठवडाभर गोल गोल फिरवली आणि कंटाळा आला. २ बीएचकेमध्ये राहणाऱ्याला शंटिंगइतका परवडणारा प्रकार दुसरा नाही, जागेच्या हिशोबानेही आणि डब्यांच्याही, आठ डबे झाले की बास.

आधी स्केल ठरवा, इंजिन नंतर

तीन नावं सतत कानावर येतील. एचओ म्हणजे खऱ्याच्या ८७ पट लहान, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. ओओ हा ब्रिटिशांचा प्रकार, मॉडेल ७६ पट लहान पण रूळ तेच १६.५चे, त्यामुळे दोन्ही एकाच ट्रॅकवर चालतात, फक्त शेजारी ठेवले की ब्रिटिश इंजिन जरा फुगलेलं दिसतं. आणि एन म्हणजे १६० पट लहान, रूळ ९ मिलिमीटर.

जागा वाचते म्हणून नवीन माणूस एनकडे वळतो. माझं मत विचाराल तर शंटिंगसाठी एचओच घ्या. एनचं इंजिन हलकं असतं, चाकं बारीक, रुळावर धुळीचा एक कण आला तरी थबकतं, आणि नागपुरात धूळ किती असते ते एप्रिलमध्ये खिडकी उघडी ठेवून बघा. शिवाय चाळिशी लागल्यावर डबे जोडणारं ते बारीक कपलिंग चष्मा लावूनही दिसत नाही.

एक गंमत आपल्या गावाची. आपली ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, तिला ८७ने भागलं तर १९ मिलिमीटरच्या वर जातं, म्हणजे भारतीय ब्रॉडगेजचं एचओ मॉडेल १६.५च्या रुळावर चालवलं तर रूळ खऱ्यापेक्षा अरुंद दिसणारच, ते चालवून घ्यायचं. पण मोतीबागवाली आपली नॅरोगेज, जिच्यावर २०१५ पर्यंत नागपूर-छिंदवाडा गाडी चालायची, ती ७६२ मिलिमीटरची. तिला ८७ने भागा, ८.७६ येतं. म्हणजे एनचा ९ मिलिमीटरचा रूळ घ्यायचा आणि त्यावर एचओच्या मापाचं नॅरोगेज इंजिन ठेवायचं, माप जवळजवळ तंतोतंत बसतं! या प्रकाराला एचओई म्हणतात. ज्याला सातपुड्याची नॅरोगेज उभी करायची आहे त्याने कधीतरी मोतीबागच्या नॅरोगेज म्युझियममध्ये टेप घेऊन जावं आणि मनसोक्त मापं घ्यावीत. पण तो दुसरा-तिसरा प्रोजेक्ट ठेवा, पहिला नको.

गोळा करताना सूत्र पाहिजे

दिसेल ते घेत गेलं तर कपाट भरतं आणि कलेक्शन होत नाही. एक सूत्र धरा, एक देश किंवा एक काळ किंवा एकच कारखाना. मी अमेरिकन डिझेल धरले, १९४० ते ६०चे, कारण या काळातली मॉडेलं सगळ्यात जास्त बनली आणि सेकंडहँड पण सापडतात.

थोडी ओळख करून देतो म्हणजे यादी बघताना गोंधळ होणार नाही. ईएमडी कंपनीचं एसडब्ल्यू-१ हे ६०० हॉर्सपॉवरचं, त्यातला एस म्हणजे सिक्स हंड्रेड आणि डब्ल्यू म्हणजे वेल्डेड फ्रेम. एनडब्ल्यू-२ मधला एन म्हणजे नाइन हंड्रेड, पण प्रत्यक्षात ते इंजिन १००० हॉर्सपॉवरचं, नाव जुनं राहून गेलं. पुढे एसडब्ल्यू-१२००, एसडब्ल्यू-१५०० वगैरे आली तोपर्यंत एसचा सहाशेशी काही संबंध उरला नव्हता. अल्कोचं एस-२ पण १००० हॉर्सपॉवरचं, आणि अल्को म्हणजे तीच कंपनी जिच्या डिझाइनवर आपलं डब्ल्यूडीएम-२ वाराणसीत बनायचं, म्हणून माझा जीव तिच्यात जरा जास्त.

मला सगळ्यात आवडतो तो जीईचा, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकचा, ४४ टनी. ४४च टन का? कारण अमेरिकेत १९३७ मध्ये युनियनशी करार झाला की चालत्या चाकांवर ९०,००० पौंडांपेक्षा जास्त वजन असेल तर इंजिनावर ड्रायव्हरसोबत फायरमन ठेवावाच लागेल. ४४ टन म्हणजे त्यांच्या हिशोबाने ८८,००० पौंड. एका माणसाचा पगार वाचवायला अख्खं इंजिन त्या मापात बसवलं! एचओमध्ये हे जेमतेम पावणेबारा सेंटिमीटरचं भरतं, छोट्या फळीवर याच्यासारखं दुसरं नाही.

अजून एक जोडी असते, एक केबिनवालं इंजिन आणि त्याच्या मागे बिनकेबिनचं, त्याला तिकडे काऊ अँड काफ म्हणतात. आमच्या आईने ते ऐकून लगेच त्यांचं नाव गाय-वासरू ठेवलं, आता घरात सगळे तेच म्हणतात.

ब्रिटिश घ्यायचं असेल तर क्लास ०८ शोधा, १९५२ ते ६२ मध्ये ९९६ बनली, सहा चाकांना बाहेरून दांडे जोडलेले, हळू चालताना ते दांडे फिरतात ते बघत बसावं. आपल्याकडे डब्ल्यूडीएस-४ पण असंच दांडेवालं, चित्तरंजनचं. नावाचा कोड सोपा आहे, डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, डी डिझेल, एस शंटिंग. पण भारतीय शंटिंग इंजिनाचं तयार मॉडेल मिळवणं सोपं नाही, बहुतेक लोक परदेशी इंजिनाचा सांगाडा घेऊन वरून आपली बॉडी बनवतात. हात बसल्यावर करा.

विकत घेताना

शंटिंगच्या इंजिनाचा रंग, नंबर, बारीक कठडे हे सगळं नंतर. आधी मशिन. विकणाऱ्याला चार गोष्टी विचारायच्या. करंट सगळ्या चाकांतून घेतं का, की फक्त अर्ध्या? मोटरला फ्लायव्हील, म्हणजे चाल एकसारखी ठेवणारं जड चाक, आहे का? वजन किती? आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं, एकदम हळू चालतानाचा व्हिडिओ पाठवा. पळतानाचा व्हिडिओ कोणीही पाठवतो, पळायला कचरा इंजिन पण पळतं. जो माणूस हळू चालतानाचा व्हिडिओ द्यायला टाळाटाळ करतो त्याच्याकडून घेऊ नका, मग कितीही स्वस्त असो.

जर्मन माल बघत असाल तर मेर्कलिनच्या एचओबद्दल सावध. त्यांची पद्धत तीन रुळांची आणि एसी करंटची, ते इंजिन आपल्या दोन रुळांच्या डीसी ट्रॅकवर चालत नाही, जोडून बघायला गेलात तर शॉर्ट होतं. रोको, पिको यांचे मॉडेल दोन्ही प्रकारांत येतात, म्हणून खोक्यावर काय लिहिलंय ते वाचूनच पैसे पाठवा.

बाहेरून मागवताना कस्टम ड्यूटी आणि पोस्टेज धरूनच भाव मनात ठेवा, नाही तर इंजिन स्वस्त पडलं म्हणून नाचायचं आणि पोस्टमन आला की बसायचं. कोणी नातेवाईक येणार असेल तर सोबत आणायला सांगणं बरं, पण बॅगेत नको, हातातल्या सामानात.

आणि हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: अमेरिकन पॉवरपॅक, म्हणजे भिंतीतून करंट घेऊन रुळाला देणारी पेटी, १२० व्होल्टचा असतो, आपल्या भिंतीत २३० येतात. माझ्या भाच्याने मोठ्या प्रेमाने इंजिनासोबत पॅक पण आणला, मी उत्साहात पिन बदलून थेट बोर्डात खोचला, दोन सेकंदात धूर आणि वास, आणि आमची ही स्वयंपाकघरातून, "काय जाळलं?" इंजिन वाचलं कारण अजून रुळावर ठेवलंच नव्हतं. पॉवरपॅक तिकडून आणूच नका.

पहिल्या दिवशी टेबलावर

जुनं इंजिन आलं की लगेच रुळावर धावडवू नका. उलटं करून मऊ कापडावर ठेवा. चाकं बघा, काळी कीट असेल तर ती काढायची. पद्धत अशी, रुळावर टिश्यू पेपरची घडी ठेवा, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलं करा, इंजिनाची एक बोगी, म्हणजे खालच्या चाकांचा एक संच, टिश्यूवर आणि दुसरी उघड्या रुळावर, म्हणजे करंट मिळत राहतो. मग इंजिन हाताने धरून चालू करा. टिश्यूवर दोन काळ्या रेघा उमटतात. जागा सरकवत राहा, रेघा उमटायच्या थांबल्या की बोगी बदला. सँडपेपर मात्र चाकाला लावू नका, त्याचे ओरखडे पडतात आणि त्यातच पुढची घाण बसते.

आता आवाज ऐका. एकसारखी घरघर चालेल, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक 'टक्' येत असेल तर एक्सलवरचा प्लॅस्टिकचा गिअर तडकलेला असायची दाट शक्यता. जुन्या मालात हे नेहमीचं दुखणं आहे. गिअर तडकला की चाकांमधलं अंतर पण हलतं आणि इंजिन नेमकं सांध्यावरच, म्हणजे एका रुळाच्या दोन वाटा होतात तिथेच, उतरतं, आपण मात्र सांध्याला दोष देत बसतो. गिअर बदलता येतो, पण त्याचे पैसे भावातून कापून घ्या.

मल्टिमीटर अँपिअरवर लावून करंट बघा. चांगल्या बंद मोटरचं एचओ इंजिन मोकळं चालताना साधारण पाव अँपिअरच्या आसपास घेतं. जुन्या उघड्या मोटरवालं अर्ध्याच्या वर जातं. आकडा वहीत लिहा, सहा महिन्यांनी परत मोजा, वाढला असेल तर कुठेतरी तेल सुकलंय किंवा केस अडकलाय. हो, केस. गालिच्याचे, कुत्र्याचे, आपले, सगळे जाऊन एक्सलला गुंडाळतात.

तेल सुईच्या टोकावर जेवढं राहील तेवढंच, प्रत्येक बेअरिंगला एक थेंब, आणि वर्मगिअरला ग्रीसचा चिमूटभर. दोन्ही प्लॅस्टिकला चालणारे पाहिजेत. मी एकदा घरात होतं म्हणून सायकलचं ग्रीस भरलं, हिवाळ्यात झकास चाललं, मे महिन्यात ते पातळ होऊन खाली गळलं, रुळावर पसरलं, आणि सातही इंजिनं घसरायला लागली. सगळा ट्रॅक धुवायला दोन रविवार गेले.

मग अर्धा तास पुढे, अर्धा तास मागे, मध्यम वेगाने चालवा. आणि त्यानंतर परीक्षा.

पट्टीची परीक्षा

शाळेची ३० सेंटिमीटरची पट्टी रुळाच्या बाजूला ठेवा, मोबाइलवर स्टॉपवॉच लावा. आपल्या रेल्वेत शंटिंगची साधारण मर्यादा ताशी १५ किलोमीटर. एचओच्या हिशोबात हे सेकंदाला ४८ मिलिमीटर होतात, म्हणजे पट्टी पार करायला सव्वासहा सेकंद. हे कोणतंही इंजिन करतं. आता १० वर आणा, साडेनऊ सेकंद. मग ५ वर, जवळपास १९ सेकंद. इथे निम्मी इंजिनं अडखळायला लागतात, एक इंच जातात, थांबतात, मग एकदम उडी मारतात. जे १९ सेकंदात न थबकता, न उडी मारता पट्टी ओलांडतं ते ठेवायचं. दोन्ही दिशांना तपासा, कारण काही इंजिनं पुढे लोण्यासारखी आणि मागे बैलगाडीसारखी चालतात.

माझ्या सातपैकी सगळ्यात महागडं इंजिन या परीक्षेत नापास आहे. ते काचेच्या कपाटात आहे, फार सुंदर दिसतं. आणि सगळ्यात जुनाट, रंग उडालेलं, एक हॉर्न तुटलेलं एनडब्ल्यू-२ आहे ते २५ सेकंद लावतं. डाव खेळायचा म्हटलं की हात त्याच्याकडेच जातो.

फळी आणि रूळ

सुरुवातीला एकच नकाशा बनवा, इंगलनूक. अ‍ॅलन राइट या इंग्रज माणसाचा हा आराखडा, जगभर लोक खेळतात. सांधे फक्त दोन, लाइनी तीन. एका लाइनीत पाच डबे मावले पाहिजेत, बाकी दोघींत तीन-तीन, आणि सांध्याच्या अलीकडे जो शेपटीचा रूळ असतो त्यात इंजिन आणि तीन डबे, त्याहून जास्त नाही. हे आकडे काटेकोर पाळायचे, जागा आहे म्हणून लाइन लांब केली की खेळातला पेच गेला.

लांबीचा हिशोब करून बघा. ४० फुटी अमेरिकन डबा कपलिंग धरून साडेपंधरा सेंटिमीटर. पाच डब्यांना ८० सेंटिमीटर धरा, इंजिन आणि तीन डब्यांना ६५, दोन सांध्यांना मिळून ४०. झाले १८५, म्हणजे सहा फुटांच्या किंचित वर. १२ मिमी प्लायची एक फूट रुंद पट्टी कापून घ्या, खाली दीड इंची पट्ट्यांची चौकट ठोका. पलंगाखाली जाणार असेल तर मधून दोन तुकडे करून बिजागरी लावा, पण बिजागरी वरच्या बाजूला रुळाच्या पातळीपेक्षा उंच बसवावी लागते, नाही तर घडी घालताना रूळ एकमेकांत घुसतात. हे सुताराला दोनदा समजावून सांगा, माझा सुतार "हो हो समजलं" म्हणाला आणि खालून लावून मोकळा झाला.

आता या सगळ्या लेखातली सगळ्यात कामाची गोष्ट. सांधा विकत घेताना फ्रॉगकडे बघा. फ्रॉग म्हणजे सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा. स्वस्त सांध्यात तो प्लॅस्टिकचा असतो, त्यावर करंट नसतो. लांब मेन लाइनचं इंजिन तो गतीत ओलांडून जातं, पण आपलं शंटिंगचं इंजिन आखूड आणि चाल हळू, नेमकं तिथेच मरतं. मग आपण बोटाने ढकलतो, आणि बोटाने ढकलावं लागलं की मजा संपली. म्हणून धातूचा, करंट देता येणारा फ्रॉग असलेलाच सांधा घ्या, पेको कंपनीच्या मालात इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग म्हणून मिळतो. त्याला एक वायर आणि एक स्विच जोडायचा, सांधा ज्या बाजूला वळला त्या बाजूच्या रुळाचा करंट फ्रॉगला मिळाला पाहिजे. इलेक्ट्रोफ्रॉगला पुढच्या दोन आतल्या रुळांवर इन्सुलेटेड जॉइनर, म्हणजे रूळ जोडणारे पण करंट न जाऊ देणारे तुकडे, लावायचे, विसरलात तर शॉर्ट.

वायरिंगमध्ये कंजूषी नको. फळीखाली एक चौरस मिलिमीटरच्या लाल आणि काळ्या दोन वायरी शेवटपर्यंत न्या, आणि रुळाच्या प्रत्येक तुकड्याला वरून बारीक वायर सोल्डर करून त्यांना जोडा. जॉइनरच्या भरवशावर राहू नका, ते दोन पावसाळ्यांत सैल पडतात. वायर, स्विच, सोल्डर सगळं सीताबर्डीच्या बाजारात मिळतं, याच्यासाठी ऑनलाइन जायची गरज नाही.

करंट: डीसी की डीसीसी

डीसी म्हणजे साधा १२ व्होल्टचा कंट्रोलर, नॉब फिरवा, इंजिन चालतं. एका फळीवर एका वेळी एकच इंजिन असेल तर हे पुरतं. बाजारात करंटचे झटके देऊन मोटरचा वेग बदलायचे पीडब्ल्यूएम मॉड्यूल स्वस्तात मिळतात, १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरला जोडले की हळू चाल छान येते, फक्त कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरवाल्या इंजिनाला हे लावू नका, कमी फ्रिक्वेन्सीच्या झटक्यांनी ती मोटर तापते.

डीसीसीमध्ये रुळात कायम करंट असतो आणि इंजिनातली चिप म्हणजे डिकोडर ठरवतो किती घ्यायचा. खर्च जास्त, पण शंटिंगला याचा खरा फायदा. डिकोडरमध्ये सीव्ही नावाचे नंबर असतात, त्यातले चार आधी शिका. सीव्ही-२ सुरुवातीचा व्होल्टेज, शून्यापासून एकेक वाढवत न्या आणि स्पीडच्या पहिल्या पायरीवर चाक जेमतेम फिरायला लागलं की थांबा. सीव्ही-३ वेग चढायला किती वेळ लागावा, सीव्ही-४ उतरायला. सीव्ही-५ सर्वात जास्त वेग, तो अर्ध्याच्या खाली ओढा, शंटिंगच्या इंजिनाला राजधानीसारखं पळायची गरज नाही. सीव्ही-४ फार वाढवू नका, दिसायला भारी दिसतं पण इंजिन थांबता थांबत नाही आणि डब्यांना धडकतं. आणि आकड्यांचा सगळा गोंधळ झालाच तर बऱ्याच डिकोडरमध्ये सीव्ही-८ मध्ये ८ लिहिलं की तो कारखान्यातून आल्यासारखा होतो. जागा असेल तर कीप-अलाइव्ह कॅपॅसिटर पण बसवा, धुळीवर सेकंदभर करंट तुटला तरी इंजिन थांबत नाही.

डबे

मराठी पेपरात अजून वॅगनला वाघीण छापतात. आमच्या टायगर कॅपिटलमध्ये "इटारसीजवळ तीन वाघिणी घसरल्या" वाचून वनखात्याची आठवण येते, म्हणून मी डबेच म्हणतो.

हलका डबा ढकलताना उतरतो, हे शंटिंगचं जुनं दुखणं. अमेरिकेच्या एनएमआरए संस्थेचा ठोकताळा आहे, एचओच्या डब्याला सुरुवातीला १ औंस, आणि लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. साडेपाच इंची डब्याला पावणेचार औंस, म्हणजे साधारण १०६ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला, कमी असेल तर आत वजन चिकटवा. पण लोखंडी नट टाकू नका, कारण पुढे रुळाखाली चुंबक लावून डबे सोडवायचे असतील तर चुंबक अख्खा डबाच ओढतो आणि तो आपला आपण सरकतो. शिशाचे किंवा पितळेचे तुकडे बरे, शिसं हाताळलं की हात धुवा. चाकं धातूची घ्या, प्लॅस्टिकची चाकं रुळावर घाण पसरवतात.

कपलिंग सगळ्यांना एकाच प्रकारचं, अर्धे हे अर्धे ते नको. केडी कंपनीचे 'नकल' (knuckle) प्रकारचे मी सगळ्यांना लावले, उंची मापायची त्यांची छोटी पट्टी मिळते, कपलिंगचा मध्य रुळापासून ९.९ मिलिमीटरवर पाहिजे. एखादं खाली लोंबत असेल तर ते सांध्यात अडकून डबा उचलतंच. डबे सोडवायला चुंबकाच्या भानगडीत मी पडलोच नाही. पनीर टिक्क्याची बांबूची काडी घ्या, टोक नेलफाइलने घासून स्क्रू-ड्रायव्हरसारखं चपटं करा, दोन कपलिंगच्या मध्ये वरून घालून अलगद पिळा, सुटतं. माझी काडी चार वर्षं झाली तीच आहे.

डाव

आठ डब्यांच्या आठ चिठ्ठ्या करा. मी डब्यांना गावची कामं दिली आहेत, कोराडीचा कोळसा दोन, इतवारीचा धान्याचा एक, संत्र्यांच्या पेट्यांचा एक वगैरे, अमेरिकन डब्यात संत्री भरतो म्हणून कोणी पोलिसात देत नाही. आठही डबे लाइनींत कसेही उभे करा, आठपैकी पाच चिठ्ठ्या काढा, ज्या क्रमाने आल्या त्याच क्रमाने पाच डब्यांची गाडी लांब लाइनीत लावायची. पाच डब्यांचे क्रम ६७२० होतात, सुरुवातीची मांडणी बदलली की अजून वाढतात. पहिल्यांदा घाई करू नका. मोजायचं असेल तर वेळ नाही, चाली मोजा, म्हणजे माणूस इंजिन पळवत नाही. दोघं असतील तर एकाने कंट्रोलर धरायचा आणि दुसऱ्याने शंटमन व्हायचं, तो हाताने इशारे करणार, काडी त्याच्याकडेच, आणि त्याने "थांब" म्हटल्यावर थांबलं नाही तर एक चाल दंड. आमच्याकडे यावरून नवराबायकोत भांडण झालेलं आहे, ती शंटमन म्हणून फार कडक आहे.

इंगलनूक पाठ झालं की टाइमसेव्हर आहे, अमेरिकेच्या जॉन अ‍ॅलनचा, सांधे पाच आणि डोकं दुप्पट.

उन्हाळा, कूलर आणि कपाट

मी पहिली फळी डिसेंबरात टाकली, थंडीत रूळ अगदी खेटून जोडले, दिसायला काय सुबक. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला, वरच्या मजल्यावरची खोली, दुपारी येऊन बघतो तर तीन नंबरच्या लाइनीचा रूळ जोडाजवळ फुगून वाकडा. नंतर हिशोब केला, सहा फुटांचा निकल-सिल्व्हरचा रूळ २५ अंशांच्या फरकाने पाऊण मिलिमीटर वाढतो. एवढंसं वाटतं, पण जायला जागाच नसेल तर तो वर उठतो. म्हणून थंडीत टाकत असाल तर तीन-चार जोडांवर व्हिजिटिंग कार्ड जाईल एवढी फट ठेवा. मे महिन्यात टाकत असाल तर खेटून चालेल. फ्रॉगचे इन्सुलेटेड जोड मात्र कधीच बंद होऊ देऊ नका, त्यात प्लॅस्टिकचा तुकडा भरा.

कूलर म्हणजे दुसरा शत्रू. त्याची ओली हवा थेट फळीवर येत असेल तर प्लाय फुगतो आणि लोखंडी एक्सलला गंज चढतो. फळीला चारही बाजूंनी, खालूनही, वॉर्निशचे दोन हात मारा आणि कूलरचं तोंड दुसरीकडे करा.

इंजिनं ठेवताना जुन्या खोक्यातला पिवळा पडलेला फोम काढून टाका, तो कालांतराने विरघळल्यासारखा होऊन रंगाला चिकटतो. साध्या टिश्यूत गुंडाळा, सिलिका जेलची पुडी टाका. आणि त्या कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवू नका. आईने कपड्यांसोबत माझ्या इंजिनांच्या खोक्यांतही प्रेमाने दोन-दोन टाकल्या होत्या, त्यांच्या वाफेने प्लॅस्टिक मऊ पडतं. गाय-वासरातल्या वासराच्या छतावर अजून गोळीएवढा खळगा आहे, मी तो बुजवला नाही, आईला मात्र सांगितलं की ते तसंच मिळालं.